दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू

३ नोव्हेंबर

भाऊबीज. संध्याकाळी वल्लरी फराळाला आली होती. फेब्रुवारीत अपूर्वचं तिच्याशी लग्न आहे, त्यामुळे एवढं येणंजाणं आता चालूच असतं. डोंबिवलीहून येताना स्वतः केलेल्या करंज्या घेऊन आली. मी एक खाल्ली आणि म्हटलं, खोबरं जरा जास्त भाजलंय. भाजलंच होतं जास्त. उभा जन्म ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवण्यात गेला, दिसलं ते सांगायची सवय आहे.

मग चहा टाकायला आत गेले. आमच्या नौपाड्याच्या घराला स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत वर जाळी आहे, एक्झॉस्ट बंद असला की हॉलमधलं कुजबुजणंही ऐकू येतं. वल्लरी अपूर्वला म्हणत होती, "तुझ्या आईसमोर बसलं ना, की वाटतं माझं काहीतरी चुकलंय आणि काय ते मलाच कळत नाहीये."

अपूर्व म्हणाला, "अगं, तिचा चेहराच तसा आहे. मनात काही नसतं तिच्या."

"मग ते मला कसं कळणार?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "म्हणूनच म्हणते, आपण शीळफाट्याचंच बघूया."

शीळफाट्याला कुठलं तरी नवीन कॉम्प्लेक्स होतंय, हे मला माहीत होतं. आम्हाला सोडून तिकडे राहायला जायचा विचार आहे, हे आज कळलं. चहा नेऊन ठेवला. आलं जास्त पडलं होतं, कोणी काही बोललं नाही. ती गेल्यावर उरलेल्या करंज्या मी बसून संपवल्या.

५ नोव्हेंबर

आज दुपारी बाथरूमच्या आरशात नीट तपासणी केली. वरच्या पापण्या उतरल्या आहेत. खाली पिशव्या. दोन भुवयांच्या मध्ये उभी आठी, ती मी काही करत नसतानाही असते. ओठांचे कोपरे खाली. थोडक्यात, समोरच्याने नापास व्हावं असाच हा चेहरा आहे. नोकरीत त्याचा फार उपयोग झाला. बोर्डाच्या परीक्षेला मी नुसती वर्गात उभी राहिले तरी मुलं चिठ्ठ्या गिळायची.

आता विचार असा. वल्लरीची तक्रार चेहऱ्याबद्दल आहे. अपूर्वनेही दुजोरा दिला की दोष चेहऱ्याचा आहे, मनाचा नाही. मग चेहरा बदलला की तक्रार मिटली. इतकी सरळ गोष्ट आहे. हल्ली सगळे करतात. आमच्याच बिल्डिंगमधल्या एकीने हनुवटी करून घेतली आणि गणपतीला सगळ्यांना सांगितलं की योगा करते.

ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुझा चेहरा मला तोंडपाठ आहे, या वयात नवीन धडा कुठे देतेस. मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही करत. मग कोणासाठी, असं त्यांनी विचारलं. मी भाजी निवडायला घेतली.

९ नोव्हेंबर

डॉक्टर रुचिता. क्लिनिक चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुलगी तरुण आहे, हात मात्र स्थिर. आधी फोटो काढले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. "मॅडम, चेहरा रिलॅक्स ठेवा," ती म्हणाली. मी म्हटलं, रिलॅक्सच आहे. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मग तिने फोटो काढले.

वरच्या-खालच्या पापण्या, भुवया थोड्या वर उचलायच्या, ओठांच्या कोपऱ्यांना छोटे टाके, आणि कपाळाच्या आठीत इंजेक्शन. इंजेक्शनचा असर काही महिने टिकतो, मग परत घ्यावं लागतं. सूज उतरायला वेळ लागेल, पण लग्नापर्यंत काही दिसणार नाही असं म्हणाली. तिने विचारलं, तुम्हाला कसं दिसायचंय? तरुण? मी म्हटलं, तरुण नको. रागावलेली नाही असं दिसायचंय. तिने ते लिहून घेतलं नाही, नुसती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले असेन.

१६ नोव्हेंबर

लोकांना काय सांगायचं हा प्रश्न होता. मोतीबिंदू. माझ्या वयाला शोभतो, काळा चष्मा घालता येतो, आणि कोणी खोलात जात नाही. दोन्ही डोळ्यांचा सांगितला, कारण दोन्ही डोळे सुजणार आहेत.

वल्लरीच्या आईचा, सरोजताईंचा, फोन आला. त्यांचं गेल्या वर्षीच झालंय. दोन्ही एकदम? त्यांना आश्चर्य वाटलं, त्यांच्या डॉक्टरांनी आधी एक आणि महिन्याने दुसरा केला होता. मी म्हटलं, हल्ली नवीन तंत्र निघालंय. केमिस्ट्रीच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर त्या गप्प बसल्या. काळजी घ्या, वाकू नका, असं म्हणाल्या. फार भल्या बाई आहेत.

अपूर्वला थोडं अपराध्यासारखं झालेलं दिसलं. आई, तू आधी का नाही बोललीस, दिसत नव्हतं का तुला? असं विचारत होता. म्हटलं, दिसत होतं तितकं पुरेसं होतं.

२१ नोव्हेंबर

सकाळी उपाशीपोटी निघायचंय. भीती वाटते. भुलीची नाही. काल संध्याकाळी ह्यांनी जुना अल्बम काढून ठेवला होता, मुद्दाम की सहज ते कळलं नाही. त्यात अपूर्वच्या बारशाचा फोटो आहे. तो मांडीवर, आणि मी कॅमेऱ्याकडे अशी बघतेय जणू त्याने कॉपी केलीय. त्या दिवशी मी आयुष्यातली सगळ्यात सुखी बाई होते. हे मला आठवतंय, फोटोत कुठे दिसत नाही.

बरंच झालं पाहिलं ते. मनातला किंतू गेला.

२३ नोव्हेंबर

अक्षर वरखाली जातंय. मलमामुळे सगळं धूसर. कपाळ बांधलेलं, ओठांच्या कडांना पट्ट्या, डोळे भजीसारखे फुगलेत आणि गालांवर निळं उतरलंय. दुखण्यापेक्षा ओढल्यासारखं वाटतं.

न सांगता वल्लरी आली. ऑफिसला सुट्टी टाकून. सरोजताईंचा काळा चष्मा घेऊन आली होती. दार ह्यांनी उघडलं. ती खोलीत आली आणि दारातच थांबली. मला तिचा नुसता आकार दिसत होता. मग म्हणाली, "काकू, दुखतंय का?"

ह्यांचा हात थरथरतो, मलम डोळ्यात जातं. तिने हात धुतले, ट्यूब घेतली, नाव वाचलं आणि म्हणाली, मोतीबिंदूला हल्ली हे देतात वाटतं. मी म्हटलं हो, नवीन तंत्र. "असेल," ती म्हणाली. कपाळाच्या पट्टीबद्दल विचारलं नाही. मुलगी सरळ आहे, पटकन विश्वास ठेवते. मलम अगदी हलक्या हाताने लावलं. रोज संध्याकाळी येईन म्हणाली. मी मान हलवून नको म्हणणार होते, पण मान हलत नव्हती.

२६ नोव्हेंबर

रोज येतेय. ऑफिस सुटलं की रिक्षा करून इकडे, मग उशिरा डोंबिवलीला. मऊ भात करते, मेतकूट-तूप घालून भरवते. थंड पट्ट्या बदलते. पेपर वाचून दाखवते, त्यातला अग्रलेख गाळते आणि तिला वाटतं मला कळत नाही.

एक अडचण झालीय. मला चेहऱ्याने काहीच करता येत नाही. कपाळाला ताण द्यायचा नाही, हसायचं नाही, डोळे मिटलेले. एरवी मी तोंड न उघडता घर चालवते, आता सगळं बोलून सांगावं लागतंय. तूप आणखी घाल. बस. पंखा कमी कर. परवा भात खाताना म्हटलं, छान झालाय. तर तिचा चमचा मध्येच थांबला. बघत असणार माझ्याकडे.

त्यानंतर ती बोलतच सुटली. पहिल्या इंटरव्ह्यूला तिला उचकी लागली होती आणि ती उचकीसकट सगळी उत्तरं देत बसली, नोकरी मिळाली. भाऊबीजेच्या करंज्या तिने तीनदा केल्या होत्या, आधीच्या दोन घाण्यांत तेलात फुटल्या. मी सांगितलं, उरलेल्या सगळ्या मीच खाल्ल्या.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी म्हटलं, अगं, खाल्ल्या म्हणजे आवडल्या. त्यात सांगायचं काय? तिने पट्टी बदलली आणि माझे केस कानामागे सारले.

एकूण प्रयोग यशस्वी होतोय. अजून सूजही उतरली नाही आणि मुलगी माझ्यापाशी तासन् तास बसते. पूर्ण चेहरा तयार झाल्यावर तर काय होईल.

३० नोव्हेंबर

टाके निघाले. डॉक्टर रुचिताने आरसा हातात दिला. निळ्याचं आता पिवळं झालंय, हळद फासल्यासारखं. तिने पुन्हा फोटो काढले आणि या वेळी रिलॅक्स व्हा असं म्हणावं लागलं नाही.

वल्लरीला सांगितलं, आता मला दिसतं, रोज यायची गरज नाही. तिने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. तिचा वेळ वाया जाऊ नये म्हणून म्हटलं. ती पर्स उचलून निघाली आणि दारातून एकदा मागे वळली. चप्पल विसरली की काय असं मला वाटलं, पण चप्पल पायातच होती.

१२ डिसेंबर

चेहरा तयार आहे. आठी गेली. कपाळ इस्त्री केल्यासारखं. डोळे उघडे, थोडे जास्तच, कोणीतरी बातमी सांगितल्यासारखे. ओठांचे कोपरे वर. मी सुखी बाई दिसते. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली.

जेवताना अपूर्वच्या हातून नव्या टेबलक्लॉथवर आमटी सांडली. तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. "आई, चिडलीस?"

"नाही."

"नक्की ना? आता कळतच नाही गं." मग स्वतःच उठून फडकं आणलं. मी खरं तर चिडले होते, टेबलक्लॉथ नवा होता. पण दिसलं नाही, म्हणजे जे करून घेतलं ते बरोबर आहे. हे जेवताना अधूनमधून माझ्याकडे बघत होते, रस्ता चुकलेल्या माणसासारखे.

वल्लरी या पंधरवड्यात दोनदाच आली, लग्नाच्या साड्यांसाठी. घाईत होती. लग्नघर म्हटलं की असायचंच.

२९ डिसेंबर

कोपरीला ह्यांच्या बहिणीकडे, नंदाकडे, केळवण होतं. दोघांना ओवाळलं, पाटाभोवती रांगोळी, उकडीचे मोदक. नंदा मला म्हणाली, वहिनी, मोतीबिंदू काढल्यापासून तुमचा चेहरा किती फ्रेश दिसतो. मी म्हटलं, स्वच्छ दिसायला लागलं की माणूस फ्रेश होतं.

जेवणानंतर वल्लरी माझ्या शेजारी गॅलरीत येऊन बसली. फोनवर एक फोटो दाखवला, सॅम्पल फ्लॅटमधली रिकामी खोली, मोठी खिडकी. "काकू, शीळफाट्याचा फ्लॅट बघून आलो. परवा टोकन द्यायचं म्हणतोय." आणि मग, "तुम्हाला काय वाटतं?"

माझी समजूत होती की तो विषय संपला. माझ्या बाजूने जे करायचं ते सगळं मी केलं होतं. ती फोटोकडे बघत नव्हती, माझ्या कपाळाकडे बघत होती. मग डोळ्यांकडे. मग पुन्हा कपाळाकडे. वाट बघत होती.

मी म्हटलं, "तुम्हाला पटतंय ना, मग झालं."

आणखी थोडा वेळ बघून तिने फोन पर्समध्ये ठेवला. "बरं," म्हणाली. आत जाऊन नंदाला भांडी आवरू लागली.

पूर्वीचा चेहरा असता तर तिथेच सगळं बाहेर आलं असतं, चारचौघांत. आता काही दिसलं नाही. डॉक्टर रुचिताचं काम चोख आहे. घरी येऊन रडले. रडताना कशी दिसते ते बघायला आरशापुढे गेले. फारसा फरक पडत नाही.

१ जानेवारी

काल टोकन दिलं. अपूर्वने पेढे आणले. मी दोन खाल्ले. त्याने विचारलं, तू खूश आहेस ना? चेहऱ्यावरून तर वाटतेस. मी म्हटलं, मग झालं तर.

३ फेब्रुवारी

लग्न काल डोंबिवलीला पार पडलं. हॉल बरा होता, पंगतीत अळू संपलं. बाकी सगळं ठीक. एक सोडून, ते लिहिते.

सूनमुखाची वेळ आली. सुनेला शेजारी बसवायचं, समोर आरसा धरायचा, सासूने आरशात सुनेचं तोंड बघायचं, साखर भरवायची, दागिना घालायचा. माझ्या वेळी माझ्या सासूबाई अशा बघत होत्या की मला वाटलं वजन करतायत. मी ठरवलं होतं, आपण असं करायचं नाही. खरं म्हणजे या एका क्षणासाठी नोव्हेंबरपासून सगळी खटपट केली होती. आरशात माझा चेहरा तिच्या चेहऱ्याशेजारी येणार, आणि तो तिला घाबरवणार नाही.

नंदाने आरसा धरला. दोन चेहरे. तिचा मुंडावळ्यांतला, घामेजलेला, काजळ थोडं पसरलेलं. माझा गुळगुळीत. मी जितकं जमेल तितकं हसले. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, जरा हसा ना. वल्लरी आरशातून माझ्याकडे बघत होती, गॅलरीत बघत होती तशीच, कपाळापासून खाली. मग माझ्या कानाशी वाकली.

"आई, माझ्यावर रागावलात का?"

आई पहिल्यांदाच म्हणाली. आणि प्रश्न तोच. माझ्याकडे दाखवायला चेहरा उरलाच नव्हता, तेव्हा मी आरशातल्या तिला सांगितलं. म्हटलं, नाही गं. मला खूप आनंद झालाय. आणि तुम्ही शीळफाट्याला गेलेलं नको आहे मला. इथेच राहा. तेव्हाच सांगायचं होतं.

"मग सांगितलं का नाहीत?" ती आता कुजबुजत नव्हती. "मी किती वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होते. जरा जरी आठी पडली असती ना, तर मी अपूर्वला नको म्हणाले असते."

साखर जास्तच भरवली गेली. ती खोकली, मग रडली, मग तोंडात साखर असतानाच हसली. गुरुजी म्हणाले, आटपा, पुढचा विधी आहे. नंदाच्या हातातला आरसा खाली गेला. गळ्यात हार मी कसा घातला आठवत नाही, पण फोटोत घातलेला आहे.

२१ फेब्रुवारी

शीळफाट्याचा फ्लॅट रद्द झालेला नाही. बिल्डिंग अजून अर्धीच उभी आहे, ताबा मिळेल तेव्हा बघू असं ठरलंय. तोवर इथेच. वल्लरीने स्वयंपाकघरातले डबे हलवले, डाळीच्या जागी रवा. मी तोंडाने सांगितलं की मला हे आवडलेलं नाही. तिने अर्धे परत ठेवले.

आज सकाळी ती पोहे करत होती. माझे हात कणकेत होते, म्हणून वाजणारा माझा फोन तिने उचलला. जरा ऐकलं, मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "आई, क्लिनिकमधून आहे. मोतीबिंदूचं पुढचं इंजेक्शन कधी घेताय विचारतायत."

मी म्हटलं, मोतीबिंदूला पुढचं इंजेक्शन नसतं.

"नसतं ना," ती म्हणाली.

कणीक हाताला तशीच राहिली. कधीपासून माहीत आहे, विचारलं. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. तिच्या आईच्या एका डोळ्याला तेवढी पट्टी होती, तोंडाच्या कोपऱ्यांना कोणी हात लावला नव्हता. अपूर्वलाही माहीत आहे. सरोजताईंनाही. इतके दिवस मी मोतीबिंदूच्या गप्पा मारत होते आणि सगळे माना डोलवत होते. मला हसू आलं, आणि रागही आला. बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग फोन पुढे करून म्हणाली, काय सांगू त्यांना?

शेजारी स्टीलचा डबा होता, त्यात बघून कपाळाला आठी घालून पाहिली. नीट जमत नाही अजून. मध्ये एक बारीक रेघ येते आणि जाते. वल्लरीने वाकून बघितलं आणि म्हणाली, येतेय थोडी. मी म्हटलं, सांग त्यांना, नको.

मग पोह्यांची चव बघितली. मीठ कमी होतं. तसं सांगितलं, आणि आवडले हेही सांगितलं.